सालींची आमटी

शालननं माझं बोट धरलं आणि पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर, अगदी तळाच्या ओळीवर टेकवलं.

"हे बघ आई. हे तुझं नाव."

मला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण ओळ बरीच लांब होती, म्हणून मी विचारलं, येसू एवढं लांब असतं होय? तर म्हणाली, नुसतं येसू नाही, येसू भागी, हरळगडची, असं सगळं लिहिलंय. मी हात पुन्हा एकदा पदराला पुसले आणि त्या ओळीवरनं बोट फिरवलं. बाहेर मांडवात पुस्तकाचा समारंभ चालला होता. कोल्हापूरहून आलेले पाहुणे माझ्या हातची आमटी भुरकत होते आणि आक्कासाहेबांची वाहवा करत होते. मी मुदपाकखान्याच्या दारात पाटावर बसून रडत होते. आनंदानं हो. त्या दिवशी मला कुणी स्वर्गात नेतो म्हटलं असतं तर मी म्हटलं असतं, थांबा, आधी एवढी ओळ बघून घेते.

एका नावासाठी एवढं काय, असं वाटेल तुम्हाला. तुम्हाला वाटणारच. तुमचं नाव रेशनकार्डावर आहे, शाळेच्या दाखल्यावर आहे. माझं कुठं होतं ते सांगते.

आक्कासाहेबांचं लग्न झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते. हरळगडच्या राजेसाहेबांना दिल्या त्यांना. त्यांच्याबरोबर आंदण म्हणून जे गेलं त्याची यादी कारभाऱ्यानं मांडवात मोठ्यानं वाचली. तांब्याची घंगाळं चार, समया दोन जोड, घोडी एक, कुणबिणी तीन. त्या तिनांतली एक मी. घोडीचं नाव होतं यादीत, मोतन. आमची नव्हती. माझी आई भागी आक्कासाहेबांच्या माहेरी बटीक होती, म्हणून मीही. आईनं माझ्या पदराला मूठभर कारळ बांधलं आणि मागं फिरली. ती मला पुन्हा दिसली नाही.

हरळगडला आल्याबरोबर आमची नावं बदलली. त्या वाड्यात बटकींना फुलांची नावं देत. एक चंपा झाली, एक जाई झाली, मी गुलाब. येसू म्हणायच्या त्या एकट्या आक्कासाहेब, तेही कुणी नसताना. त्या चौदा वर्षांच्या, मी बारांची. रात्री माहेरच्या आठवणीनं त्यांना रडू यायचं तेव्हा त्या मलाच कुशीत घेऊन झोपायच्या. हे मी खोटं कशाला सांगू? होतीच तशी माया. म्हणून तर इतकं लागलं पुढं.

स्वैपाक मी तिथल्याच चुलींवर शिकले. मोठे आचारी होते, पण खाशा पंगतीची आमटी, रस्से, भरल्या भाज्या हळूहळू माझ्याच हाताला आल्या. तुम्ही म्हणाल, चाखून चाखून शिकली असेल. चाखायची सोयच नव्हती. बटकीनं चव बघितली तर ते उष्टं. एकदा जाईनं पळी ओठाला लावली तर तिला पळीनंच डागलं होतं. मग मी काय करायची, रश्श्याचा एक थेंब निखाऱ्यावर टाकायची आणि वर येणारा वास घ्यायची. मीठ कमी असलं तर वास गोडसर येतो. मसाला कच्चा असला तर घशात धरतो. लोक हसतात मी असं सांगितलं की. हसू देत. संस्थान होतं तोवर चौदा वर्षं मी वाड्यात रांधलं आणि एकदाही माझा अंदाज चुकला नाही.

आता ती आमटी. ती खाशा पंगतीची नव्हतीच मुळी. पंगत उठली की आम्हा बटकींना शिळे तुकडे आणि भाज्यांची सालं मिळायची. आक्कासाहेबांच्या माहेरी असताना माझी आई काय करायची, भोपळ्याची सालं, दोडक्याच्या शिरा, घेवड्याचे दोरे, सगळं निखाऱ्यावर काळं होईस्तोवर भाजायची. मग कारळ आणि खोबरं भाजून त्याच्याबरोबर पाट्यावर वाटायची. चिंच, गूळ, आणि वरून कढवलेल्या तेलाची धार. सालींची आमटी म्हणायचो आम्ही तिला. भाकरी कुस्करून खाल्ली की दिवसाचं दुखणं पळायचं. आक्कासाहेबांना पहिले दिवस गेले तेव्हा त्यांच्या पोटात पाणी ठरेना. बदामाची खीर नको, साजूक तुपातलं नको. एके दुपारी त्या मागच्या परसात आल्या आणि माझ्या थाळीतली आमटी दोन वाट्या प्यायल्या. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या. मी नाही सांगितलं. सात महिने चोरून पाजली मी त्यांना.

संस्थान विलीन झालं तेव्हा शालन आठ वर्षांची होती. तिच्या बापाचं नाव विचारू नका. वाड्यातल्या पोरींना आई असते तेवढीच. एक साहेब आला आणि आम्हाला अंगणात उभं करून म्हणाला, तुम्ही आता मोकळ्या, कुठंही जा. चंपा गेली, जाई गेली. मी कुठं जाणार? आक्कासाहेब म्हणाल्या, राहा, आता पगार देईन, शालनला शाळेत घालीन. दिला शब्द पाळला हो त्यांनी. शालन सातवी झाली, ट्रेनिंग झाली, मास्तरीण झाली. मिरजेचं चांगलं घर मिळालं, तेही आक्कासाहेबांच्याच ओळखीनं. कन्यादान त्यांनीच केलं. मोठ्या माणसाच्या हातून झालं तर पोरीला मान, असं शालनच म्हणाली, आणि मलाही ते पटलं. अक्षता पडल्या तेव्हा मी दोनशे माणसांच्या भाताला वाफ आणत होते.

लग्नानंतर वर्षाभरानं आक्कासाहेबांनी पुस्तकाचं काढलं. संस्थानं गेली, निदान हरळगडची चव तरी राहू दे, म्हणाल्या. उन्हाळ्यात तीन आठवडे मी सांगत होते आणि त्या लिहीत होत्या. एकशे बारा पदार्थ. मी मूठ दाखवायची, त्या मुठीतलं वाटीत ओतून मोजायच्या. एक दिवस त्यांनी लिहिलेलं मला वाचून दाखवलं, त्यात होतं, 'चव बघून मीठ घालावे.' मला हसू फुटलं. मी म्हटलं, आक्कासाहेब, चव कुणी बघितली? त्या म्हणाल्या, वाचणाऱ्या बायकांच्या घरी निखारे कुठले असणार, येसू? तेही खरंच होतं.

शेवटच्या दिवशी सालींची आमटी राहिली होती. मी सांगत नव्हते. ती माझ्या आईची होती, आणि माझ्याकडे आईचं म्हणून दुसरं काही नव्हतं.

आक्कासाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "येसू, ती दिलीस तर पुस्तकात तुझं नाव घालीन. गुलाब नाही, तुझं खरं नाव. आणि तुझ्या आईचंही."

मी म्हटलं, "छापून?"

"छापून."

दिली मी. कारळाच्या दाण्यासकट दिली.

पुस्तक निघालं आणि त्या आमटीनं कहर केला. तिचं नाव शाही आमटी ठेवलं होतं. कोल्हापुरातल्या हॉटेलांच्या पाट्यांवर ती चढली. बायका पुस्तक घेऊन सही मागायला वाड्यावर यायच्या. मला त्याचं काही वाटलं नाही. शाही म्हणा नाहीतर बाजारी म्हणा, दुसऱ्या पानावर माझं नाव होतं ना! खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, तशी मी माझी पळी, झारा आणि ते पुस्तक पाटावर मांडायची आणि त्या ओळीला कुंकू लावायची. पंधरा वर्षं लावलं. कुंकवाचा थर चढून ती ओळ दिसेनाशी झाली होती.

शालन वर्षातून दोनदा यायची, एकटीच. पोरांना बस लागते म्हणायची. मी मिरजेला यायचं नाव काढलं की म्हणायची, लेकीच्या घरी आईनं जेवू नये, रीत आहे आपल्यात. मी म्हणायची, असेल बाई. रीती मला कोण शिकवणार होतं?

मग ते प्रौढ साक्षरतेचे वर्ग निघाले. वाडा सुटल्यावर मी राहत होते त्या गल्लीत, देवळाच्या ओवरीत भरायचे. शिकवायला नलिनी म्हणून एक तरणी पोर होती. मी सत्तावन्न वर्षांची. सगळ्या बायका अंगठा सुटावा म्हणून यायच्या, मी माझी ओळ वाचायला जायची. कुणाला सांगितलं नव्हतं. चार महिन्यांत मला येसू लिहिता आलं. पाटीवर मी ते इतक्यांदा गिरवलं की नलिनी म्हणाली, मावशी, आता दुसरं काहीतरी लिहा.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी मी घरी येऊन पुस्तक काढलं. नखानं कुंकू खरवडलं. पहिलं अक्षर 'ये' हवं होतं. ते 'स' होतं. वाटलं, आधी सौभाग्यवती का काय लिहिलं असेल. मी कसली सौभाग्यवती, पण मोठी माणसं लिहितात तसं. पुढं 'र्व' निघालं. मी पूर्ण ओळ तीनदा लावली, लागेना. मग पुस्तक पदराखाली घेऊन नलिनीकडे गेले. तिनं एका दमात वाचलं.

"सर्व हक्क लेखिकेच्या स्वाधीन."

मी विचारलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, म्हणजे ह्या पुस्तकात जे काही आहे ते सगळं लिहिणाऱ्या बाईंच्या मालकीचं, दुसऱ्या कुणाचं नाही. मी म्हटलं, येसू कुठंय बघ. तिनं सगळं पुस्तक चाळलं. पदार्थ होते, आक्कासाहेबांचा फोटो होता, त्यांनी चार आचाऱ्यांना कसं हाताखाली तयार केलं ते होतं. येसू नव्हती. भागी नव्हती. गुलाबसुद्धा नव्हती.

त्या रात्री माझी चूल पेटली नाही. सकाळी उठून तडक आक्कासाहेबांकडे गेले. त्या आता गावाबाहेरच्या बंगलीत राहत होत्या, गुडघे गेलेले. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर टाकलं. म्हटलं, वाचायला शिकले मी.

त्यांनी कुंकवाचा डाग बघितला आणि काय ते ओळखलं. पेटीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. छापखान्यातून तपासायला आलेला कागद होता तो. मी एक एक अक्षर लावत वाचलं. 'हे सारे पदार्थ माझ्यासोबत माहेराहून आंदण आलेल्या येसू भागी हिच्या हातचे आहेत. मी केवळ लिहून घेतले.' त्यावर तांबड्या पेन्सिलीची रेघ होती.

"घातलं होतं मी," त्या म्हणाल्या. "शालन रडत आली. सासरी कळलं की बटकीची पोर केलीय, तर नांदवणार नाहीत म्हणाली. माझे पाय धरले तिनं."

"आणि तुम्ही रेघ मारलीत."

"मारली. मला जड गेलं नाही, येसू. तेही खरं सांगते."

शिव्या तोंडाशी आल्या होत्या माझ्या. दिल्या नाहीत. त्यांनी खरं सांगितलं तेवढं तरी. पण शालन! माझं बोट धरून त्या ओळीवर ठेवणारी शालन. नाव काढलं ते मी समजू शकते, पोरीला संसार करायचा होता. मला सांगितलं असतं तर मीच म्हटलं असतं, काढ बाई. पण पंधरा वर्षं मला दुसऱ्याच्या मालकीच्या ओळीला कुंकू लावू दिलं. वर्षातून दोनदा येऊन ते कुंकू डोळ्यांनी बघत होती.

कागद कनवटीला खोचला आणि मिरजेची एस.टी. धरली. तिला एवढंच विचारायचं होतं, का नाही सांगितलंस? त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

दार शालनच्या सासूनं उघडलं. गोरी, ठेंगणी, तोंडभर हसणारी बाई. मी म्हटलं, हरळगडच्या वाड्यावरनं आले. तर केवढा आनंद झाला तिला! या, या, राणीसाहेबांकडच्या का, नाव काय तुमचं? मी सवयीनं म्हणून गेले, गुलाब. शालन स्वैपाकघरात वडे तळत होती, जावई आत पाहुण्यांना पाट मांडत होते. सासू म्हणाली, आज म्हाळ आहे आमच्याकडे, जेवूनच जायचं. आणि मला हाताला धरून मागच्या परड्यात पाय धुवायला घेऊन गेली.

परड्यातल्या कट्ट्यावर केळीची तीन पानं वाढून ठेवली होती. दोन पानांवरचं अन्न विस्कटलेलं होतं, कावळे शिवून गेले होते. तिसरं पान जसंच्या तसं होतं. भात, वडे, खीर, गवारीची भाजी, आणि द्रोणात काळीभोर आमटी. वासावरनंच ओळखलं मी.

"ही दोन आमच्या सासू-सासऱ्यांची," ती बाई सांगू लागली. "आणि हे सुनेच्या आईचं. बिचारी शालनला जन्म देऊन गेली. तिच्या मागं वाढणारं कुणी नाही, म्हणून मीच म्हटलं, आपण वाढू. येसूबाई नाव होतं म्हणे. दर वर्षी बघा, सगळ्या पानांना कावळा शिवतो, ह्या पानाला काही केल्या शिवत नाही. काय इच्छा राहिलीय कोण जाणे!"

माझ्या पायावर पाणी ओतत होती ती. मी म्हटलं, किती वर्षं वाढता? म्हणाली, लग्न झाल्यापासून, सोळा वर्षं झाली.

म्हणजे पुस्तकाच्या आधीपासून. शालननं माझं बोट त्या ओळीवर ठेवलं, तेव्हा मला मरून एक वर्ष झालं होतं. आणि माझं खरं नाव मोठ्यानं घ्यायची एकच जागा तिनं ठेवली होती, ती ही.

तेवढ्यात शालन गरम वडे घेऊन परड्यात आली. मला बघितलं आणि ताट हातातच राहिलं तिच्या. सासूला काय कळणार त्यातलं? ती म्हणाली, "अगं, बरं झालं आलीस. हात जोड आणि सांग आईला, तुझं जे राहिलं असेल ते मी पुरं करीन म्हणावं. मग शिवेल बघ कावळा."

शालन हलली नाही. मी तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी बोलेल. पोर माझी, नऊ महिने पोटात वाढवलेली, चुलीच्या धगीशी झोळीत झोपवलेली. बोल बाई, एवढंच म्हण की ही माझी आई. मी पुढचं सगळं सांभाळून घेईन, तुझ्या सासूचे पाय धरीन.

तिनं ताट खाली ठेवलं. माझ्याकडे पाठ केली, त्या पानाकडे तोंड करून हात जोडले आणि डोळे मिटले.

मी कट्ट्यापाशी गेले. दोन्ही हातांनी ते पान उचललं, खाली जमिनीवर ठेवलं आणि मांडी घालून बसले.

"अहो, अहो गुलाबबाई, हे काय करता?" सासू धावली. "ते पितराचं पान आहे. शालनच्या आईचं."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. आणि आमटी भातावर ओतली.

जेवले मी. सावकाश, सगळं. खीर, वडे, भाजी. आईनंतर दुसऱ्या कुणी वाढलेली सालींची आमटी मी पहिल्यांदाच खात होते. मीठ कमी होतं आणि सालं पुरती भाजली नव्हती. सासू आधी ओरडायला गेली, मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग शालनच्या. दोन्ही तोंडं एकच आहेत हो, नाक, हनुवटी, सगळं. ती मटकन पायरीवर बसली. आवाज ऐकून जावई दारात येऊन उभे राहिले.

पानात एक शीतही ठेवलं नाही. पान घडी घातलं आणि उठले. शालन तांब्या घेऊन पुढं आली. माझ्या हातावर पाणी घालताना तिनं अर्धं माझ्या लुगड्यावर सांडलं.

"आई," ती म्हणाली. सासूसमोर, नवऱ्यासमोर, मोठ्यानं.

मी हात पदराला पुसले. ओ दिली नाही.